आमची कुठेही शाखा नाही

थंडी पडली की माझं डोकं तापतं. दिवाळीचा चिवडा डब्याच्या तळाला जातो, तुरीला पिवळी फुलं लागतात, सकाळी नळावर हात धुताना बोटं बधिर होतात आणि सेलूच्या आमच्या घरासमोरून कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे जायला लागतात. मागे रस्त्यावर कापसाचे पुंजके पडत जातात. शेजारणी म्हणतात, काय छान दिवस आले! असतील. मला मात्र दर वर्षी याच दिवसांत आर्वीहून फोन येतो, आणि तो ठेवला की पुढे दिवसभर मी भांडी आपटते.

फोन आधी संजयचा येतो, मग प्रमोदचा. दोघंही माझे धाकटे भाऊ, सख्खे. आर्वीच्या बाजारात एकाच दुकानाच्या दोन अर्ध्या भागांत, मधल्या भिंतीच्या अल्याड-पल्याड बसून ते मला फोन करतात. एकमेकांना विचारून करत नाहीत, तरी प्रश्न शब्दाला शब्द तोच असतो.

"ताई, आपलं नाव नेटवर वर काऊन येत नाई वं?"

आपलं! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वाटणीच्या वेळी कुठे होतं हे 'आपलं'? तेव्हा 'माझं' होतं आणि 'त्याचं' होतं. 'तुझं' म्हणायला मात्र कोणाची जीभ वळली नाही. आणि यंदा तर कहर झाला. यंदा फोन आलाच नाही, दोघं स्वतःच आले. ते सांगतेच. पण आधी मला माझा राग नीट सांगू द्या. एवढी वर्षं तो मी आवरून धरला आहे.

आमचं दुकान गाद्यांचं. गाद्या, उशा, तक्के, आणि थंडीत दुलया. नाव 'यमुना गादी भांडार'. यमुना म्हणजे माझी आई. लग्नानंतर बाबांनी दुकान टाकलं तेव्हा त्याला तिचं नाव दिलं. बाजारातले लोक हसले होते म्हणे, बायकोचं नाव दुकानाले! बाबा म्हणाले, "दुलई तिच्या हातची, त नाव माह्यं काऊन लावू?" असा माणूस होता तेव्हा. पुढे त्याला काय झालं कोणास ठाऊक.

दुकानावर पत्र्याचा बोर्ड होता. निळा रंग, त्यावर पांढरी अक्षरं, आणि सगळ्यांत खाली बारीक अक्षरांत एक ओळ: 'आमची कुठेही शाखा नाही.' ही ओळ त्या काळी बाजारात जागोजागी दिसायची, मिठाईवाल्याकडे, चष्मेवाल्याकडे, मलमवाल्याकडे. मी नुकती अक्षरं जुळवायला शिकले होते. मला वाटायचं शाखा म्हणजे झाडाची फांदी, मग दुकानाला फांदी नाही हे एवढं रंगवून काय सांगायचं? बाबांना विचारलं. हातातला दाभण बाजूला ठेवून ते म्हणाले, "म्हंजे आपण एकच. दुसरीकडं कोणी आपलं नाव सांगून इकत असन, त थो खोटा समजायचा." मी ते पाठ करून टाकलं. बाबांनी स्वतःच ते विसरायचं होतं, हे मला तेव्हा काय माहीत!

नव्वदच्या दशकातले ते हिवाळे म्हणजे रुई. रुई नाकात, रुई केसांत, रुई वरणात. घर दुकानाच्या मागेच, पिंजायची मशीन मागल्या खोलीत धडधडायची आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात रुईचे तंतू सावकाश तरंगत राहायचे. आई भिंतीला पाठ लावून बसायची. पुढ्यात खळीचा वास येणारं कोरं कापड, त्यावर रुईचा थर. दुलई ती मधून शिवायला घ्यायची. पहिला टाका मध्यावर, त्याच्याभोवती चौकोन, त्याच्याभोवती आणखी मोठा चौकोन, असं करत काठापर्यंत. काठाकडून शिवत आलं तर रुई सरकते आणि मध्ये गोळे होतात. आम्ही तिघं भावंडं एकाच दुलईखाली झोपायचो. कोणाचे पाय कोणाला लागले म्हणून रात्री भांडायचो आणि सकाळी विसरायचो.

मग दोन हजार साल आलं आणि गेलं. मी बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा क्लास केला. घरात माझ्या लग्नाची कुजबुज सुरू होती, स्थळं येत होती आणि जात होती. बसस्टँडजवळ सायबर कॅफे निघाला होता. सगळे त्याला नुसतं 'सायबर' म्हणायचे. पोरं तिथे निकाल बघायला जायची, मी तिथे आमच्या दुकानाची वेबसाइट बांधली. बांधली हाच शब्द बरोबर आहे. लोडशेडिंगमध्ये वीज जायची, अर्धं लिहिलेलं पान उडायचं, मी परत पहिल्या ओळीपासून लिहायचे. अंगणातल्या दोरीवर दुलया टाकून फोटो काढले. पत्ता घेतला तो आईच्या नावाचा: यमुना, त्याला जोडून दुलई, पुढे डॉट कॉम. त्याची वर्षाची फी मी शिकवण्या घेऊन भरायचे. घरात कोणाला कौतुक नव्हतं आणि हरकतही नव्हती. पोरगी कशात तरी गुंतली आहे, एवढंच.

पहिल्या हिवाळ्यात काही म्हणजे काही झालं नाही. दुलई म्हणून शोधावं तर आमचं नाव पानांमागून पानं उलटल्यावर कुठेतरी तळाशी. पण मी हट्टी आहे. दुलईत रुई कोणती घालायची, कापड कोणतं, धुवायची की नुसती उन्हात टाकायची, पावसाळ्यात ठेवायची कशी, हे सगळं आईला विचारून विचारून मी माझ्या शब्दांत लिहिलं. मग पुण्याच्या एका बाईंनी दुलई मागवली. त्यांना ती इतकी आवडली की त्यांनी स्वतःच्या पानावर तिच्याबद्दल लिहिलं आणि खाली आमचा पत्ता जोडला. मग वर्ध्याच्या एका वसतिगृहातल्या मुलींनी जोडला. मग परदेशातल्या कुठल्याशा मराठी मंडळाने. अशी एकेक करत बोटं आमच्याकडे दाखवली जाऊ लागली. सर्च इंजिन फार करून हेच बघतं, कोण कोणाकडे बोट दाखवतो. ज्याच्याकडे भल्या लोकांची बोटं जास्त, तो वर. तिसऱ्या हिवाळ्यात, नुकती तुरीला फुलं लागली होती तेव्हा, मी सायबरमध्ये बसून 'कापसाची दुलई' असं इंग्रजी अक्षरांत टाकलं आणि सगळ्यांत वर माझ्या आईचं नाव आलं. मी तिथेच, प्लायवूडच्या त्या कप्प्यात, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेले. तिने सायबरच्या दारात चपला काढल्या. मी स्क्रीनवर तिचं नाव दाखवलं.

"हे माह्यं नाव साऱ्या दुनियेत दिसते?"

"हौ, आई."

"मंग शुद्ध लिहिलं ना?"

मी हसत सुटले. माझ्या आयुष्यात तेवढा चांगला हिवाळा त्याआधी आला नव्हता. आणि त्याच हिवाळ्यात आमच्या दुकानात भिंत आली.

माझं अजून जमत नव्हतं, पण संजयचं लग्न झालं होतं, प्रमोदचं ठरलं होतं. आपल्यामागे पोरं भांडतील, त्यापेक्षा आपल्या डोळ्यांदेखत वाटे करून टाकू, असं बाबांनी ठरवलं. एकच हेका, बरोबर निम्मं. दुकानाच्या मध्यावर सुतळी ताणली, विटा आल्या, एका शटरची दोन शटरं झाली. जुना बोर्ड एकाला दिला तर दुसऱ्याचं मन दुखेल, म्हणून बाबांनी तो उतरवला आणि मागल्या अंगणात सरपणावर झाकण म्हणून टाकला. दोघांनी नवे बोर्ड रंगवून घेतले. दोन्हींवर 'यमुना गादी भांडार'. दोन्हींवर 'मूळ दुकान हेच'. आणि दोन्हींच्या खाली, शेजारी शेजारी, 'आमची कुठेही शाखा नाही'! अख्खी आर्वी हसली. आमच्या घरात कोणी हसलं नाही, कारण आमच्या घरात हे कोणाला चुकीचं वाटतच नव्हतं. ओळ बाबांची होती, मग दोघांना बरोबर मिळायला नको?

मला हक्कसोडीला बोलावलं. बापाच्या इस्टेटीतला आपला हिस्सा बहिणीने भावांसाठी सोडून द्यायचा आणि तसं सरकारदरबारी लिहून द्यायचं, ही ती रीत. बाबा म्हणाले, "सही कर बाई, सगळ्याच पोरी करतेत." मी शेत सोडलं, घर सोडलं, दुकान सोडलं. शाई पुसायला संजयने रुमाल पुढे केला आणि वहिनीने साडी. हिरवी साडी, दोघा भावांनी निम्मे निम्मे पैसे घालून घेतलेली. मला हिश्शाचा राग नव्हता, प्रेमाचा प्रश्न होता, असं बायका म्हणतात. मी म्हणणार नाही. मला हिश्शाचाही राग होता, आणि वरून त्या साडीचा.

वेबसाइट त्या कागदात नव्हती. ती इस्टेट आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घरी येऊन चहा प्यायला बसलो तेव्हा संजयला आठवलं.

"ताई, नेटवरच्या ऑर्डरी आता कोणाच्या?"

मी म्हटलं, "एकच पत्ता राहू द्या. आतमधी दोन पानं करून देतो मी. एक तुह्यं, एक प्रमोदचं. गिऱ्हाईक आत येईन आणि पाहिजे त्याच्याकडून घेईन."

"आधी कोणाचं पान?" प्रमोदने विचारलं.

"अरे, पान म्हंजे काय पंगत हाय का?"

"तू त्याच्याकडून बोलून राह्यली, ताई."

संजय म्हणाला, मी प्रमोदकडून बोलतेय. मला मध्ये बसवून दोघं माझ्यावर ओरडत होते आणि बाबा कपाळावर हात मारून एकच म्हणत होते, "दोघांले बरोबर देजो. मले वाद नको." माझ्या तीन हिवाळ्यांच्या कामाचे, माझ्यादेखत, मला न विचारता वाटे चालले होते. आणि मी कोण? तर वाटे करून देणारी सुरी.

शेवटी सबडोमेन ठरलं. म्हणजे जुन्याच पत्त्याच्या अलीकडे एकेकाचं नाव: संजय डॉट, पुढे तेच सगळं; प्रमोद डॉट, पुढे तेच सगळं. मी समजावून सांगितलं, घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं. सर्च इंजिनच्या लेखी सबडोमेन म्हणजे वेगळी चूल मांडलेला मुलगा. आडनाव तेच असतं, पण बापाची पत आपोआप त्याच्याकडे चालत येत नाही, बरीचशी नव्याने कमवावी लागते. काम मुळातच निराळं असेल, एक गाद्या विकणार आणि दुसरा सरकी, तर वेगळी चूल शोभून दिसते. एकच भाजी दोन चुलींवर कशासाठी? पण ऐकतो कोण! उलट भाजीसुद्धा तीच हवी होती. संजयच्या पानावर 'मधून शिवलेली दुलई' लिहिलं तर प्रमोदच्याही पानावर ते हवं. तेच फोटो, तीच दोरी, तोच मजकूर. खाली दोन्हीकडे 'आमची कुठेही शाखा नाही'. माझा हात चालत नव्हता, तरी मी करून दिलं.

मग व्हायचं तेच झालं. एकच मजकूर दोन घरांत दिसला की सर्च इंजिन गोंधळतं. खरं कोण, नक्कल कोणाची? ते आपल्या अंदाजाने एकाला दाखवतं आणि दुसऱ्याला झाकून ठेवतं. एके दिवशी संजयचं पान दिसायचं, प्रमोदचं गायब. आठवडा गेला की उलटं. आणि जे दिसायचं तेही आता पहिल्या पानावर नाही, मागे मागे सरकत चाललेलं. आता मला सांगा, यात माझा काय दोष? पण ज्याचं गायब व्हायचं तो तणतणत घरी यायचा. "तुनं त्याचं वर केलं!" मी काय तिथे बसून दोरी ओढत होते?

एका सकाळी बाबांनी निकाल दिला. "जुनं नावच बंद करून टाक, बाई. ना याले, ना त्याले."

बोर्डाचं केलं तेच. मी बाबांच्या पाया पडले. सांगितलं, "बाबा, लोकांनी बोटं दाखवली थे जुन्या पत्त्याकडं. थो बंद केला त सारी बोटं हवेत राह्यतीन." निदान घर बदलल्यावर पोस्टमनला सांगून ठेवतो तसं तरी करू, म्हटलं. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस परस्पर नव्या पत्त्यावर जाईल, पतही बरीचशी त्याच्याबरोबर जाईल. पण पोस्टमनला दार एकच सांगावं लागतं.

"कोणाचं दार?" बाबांनी विचारलं.

"कोणाचंही. एकाचं."

"मंग नको."

त्यांना मुलांमध्ये भेद करायचा नव्हता. तीन मुलांपैकी दोघांमध्ये. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि आईने शिवायला ठेवलेल्या रुईच्या गाठोड्यावर बुक्क्या मारल्या. रुईवर मारलेल्या बुक्कीचा आवाजही होत नाही, त्याने आणखीच चीड आली.

पानं मी उतरवली. बाबांनी शब्द मागितला होता. पण नाव सोडलं नाही. पत्ता माझ्या नावावर होता, त्याची फी मी भरत होते आणि भरत राहिले. हक्कसोडीत शेत होतं, घर होतं, दुकान होतं. नाव नव्हतं.

मग नागपूरचा माणूस आला. कुरळ्या केसांचा, बोटात गाडीची किल्ली फिरवणारा. संजयने त्याला प्रमोदपासून लपवून बोलावलं आणि प्रमोदने संजयपासून लपवून. त्याने दोघांकडे चहा घेतला आणि दोघांना तोच मंत्र दिला. "जितके डोमेन तितके दरवाजे, भाऊ! गिऱ्हाईक कुठूनही घुसू दे, पडेल तुमच्याच घरात." नावांची नुसती खैरात झाली. पुणे-दुलई, मुंबई-दुलई, स्वस्त-गादी, उत्तम-गादी, आणखी काय काय, सगळी डॉट कॉम. प्रत्येकावर भावांनी छापून ठेवलेला माझाच मजकूर, जसाच्या तसा. आईने सांगितलेलं, मी लिहिलेलं, त्याने उचलून सगळीकडे थापलं. आणि या सगळ्या साइट एकमेकींकडे बोटं दाखवत होत्या. आपणच आपल्याकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, बघा लोक आम्हाला किती मानतात! गावात असं करणाऱ्याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही. सर्च इंजिन माणूस नसलं तरी तेवढं त्याला कळतं. इतक्या दारांचं घर बघून त्याने ओळखलं की आत कोणी राहत नाही.

संक्रांतीपर्यंत आम्ही पुसले गेलो. पहिल्या पानावर नाही, दहाव्यावर नाही, कुठेच नाही. 'कापसाची दुलई' टाकलं की वर फोमच्या गाद्या यायच्या, कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या. पार्सलं थांबली. आईजवळ शिवायला येणाऱ्या बायका ऐन थंडीत घरी बसल्या. मागल्या खोलीतली मशीन इतकी गप्प झाली की भिंतीपलीकडच्या प्रमोदचा खोकला ऐकू यायचा.

हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं होतं. मी तिळगुळाचं ताट घेऊन उभी होते, आणि संजय दारातून आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ताईच्या साइटनं आपला धंदा बसवला."

ताईच्या! बघा, धंदा उभा राहिला तेव्हा साइट दुकानाची होती, बसला तेव्हा ताईची झाली. मी ते ताट खाली ठेवलं. आपटलं नाही, अजून त्याचं वाईट वाटतं. आपटायला हवं होतं. हलव्याचे दाणे घरभर उडायला हवे होते आणि वर्षभर प्रत्येकाच्या पायाखाली यायला हवे होते. मी नुसतं म्हणाले, "मोठ्यानं बोल संजय, भिंतीपलीकडं प्रमोदले ऐकू गेलं पाहिजे. बरोबर निम्मं." आणि मागल्या अंगणात निघून गेले. तिथे सरपणावर आमचा बोर्ड पडला होता, त्यावर कोणीतरी गोवऱ्या रचल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सेलूचं स्थळ, आमचे हे बियाण्यांच्या दुकानात कामाला. कमी बोलणारा माणूस आहे, माझ्या वाट्याचं बोलणंही मला करू देतो. सामान टेम्पोत चढत होतं, कपाट, भांडी, माझा जुना कॉम्प्युटर, तेवढ्यात आई मागून आली. दोन्ही हातांनी तो बोर्ड उचलून आणला होता, एकटीने. धुतला होता, पुसला होता. संजय म्हणाला, "आई, हे भंगार कायले देतं?"

आईला मी आयुष्यात आवाज चढवताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही तिने चढवला नाही. म्हणाली, "माह्यं नाव हाय त्याच्यावर. तुमी शेत घेतलं, दुकान घेतलं. माह्या नावाचा वाटा कोणं मांगतला नाई. थो माह्या पोरीचा."

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. मी टेम्पोत बसले आणि पुलगाव येईपर्यंत रडले, मग वर्ध्यापर्यंत दोघा भावांना शिव्या दिल्या. बोर्ड मांडीवर आडवा धरला होता, त्याचा काठ पोटाला रुतत होता.

पुढच्याच दिवाळीत मी साइट पुन्हा उघडली. तेच फोटो, तोच मजकूर, तोच पत्ता. फक्त एक. गाद्यांचं, दुलयांचं, धुण्याचं, वाळवण्याचं, सगळं एका छताखाली. यमुना हे नाव इंग्रजीत लोक नाना तऱ्हेने लिहितात, म्हणून वेड्यावाकड्या स्पेलिंगची दोन-चार डोमेनं मीही घेतली. पण त्यांवर मजकुराची एक ओळ ठेवली नाही. त्या दारातून आलेला माणूस सरळ मुख्य दारात येतो, बस्स. डोमेन जास्त असणं हा गुन्हा नाही हो. प्रत्येकात वेगळा संसार थाटून तोच दाखवणं हा गुन्हा आहे. पुण्याच्या बाईंचं बोट अजून आमच्याकडेच होतं. वसतिगृहातल्या मुलींची लग्नं झाली असतील, त्यांचंही होतं. दोन हिवाळे गेले आणि आईचं नाव परत वर आलं. तेव्हापासून दिवाळी जवळ आली की आई माझ्याकडे येऊन राहते, ओसरीत बसून शिवते, शेजारच्या बायका तिच्या हाताखाली बसतात. रुई पुन्हा वरणात पडते. बाबा आर्वीलाच असतात. सकाळी संजयच्या दुकानात बसतात, दुपारी प्रमोदच्या. दोघांना बरोबर. मला त्यांची दया येते आणि दया आली की आणखी राग येतो.

आणि यंदाच्या भाऊबीजेला दोघं आले. एकाच एसटीने, वेगवेगळ्या सीटवर बसून. एकच साडी घेऊन, पुन्हा दोघांत मिळून. मी ओवाळलं. राग असला तरी निरांजनाने काय घोडं मारलंय? दोघं ओसरीत सतरंजीवर बसले. आई कोपऱ्यात दुलई शिवत होती. संजयने घसा साफ केला.

"ताई, थो नागपूरवाला पयून गेला. फोनच उचलत नाई."

"मंग?"

"तुह्या साइटवर आमची दोन्ही दुकानं टाक ना. खाली, लहानसं. शाखा म्हणून."

"आधी कोणाचं नाव टाकू?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत मी त्यांना एकमेकांकडे पाहताना पहिल्यांदा बघत होते. प्रमोद म्हणाला, "कोणाचंही टाक, ताई. धंदा खरंच बसला वं."

आईची सुई थांबली. माझ्या तोंडाशी सगळं आलं, हक्कसोड, हिरवी साडी, संक्रांतीचं ताट, सरपणावरच्या गोवऱ्या. लहान असताना दुलईखाली माझ्या पोटाला लागणारे याच दोघांचे थंडगार पाय, तेही आले. मी सगळं गिळलं.

"मांगं फिरा आणि वर पाहा," मी म्हटलं.

ते बसले होते त्यांच्या मागेच, आतल्या दारावर, बोर्ड लावलेला आहे. येताना दोघं त्याच्याच खालून आत हात-पाय धुवायला गेले होते. निळा रंग उडालेला, कडा गंजलेल्या.

"वाच, संजय."

"यमुना गादी भांडार."

"खालचं."

बारीक अक्षरं होती. त्याने डोळे किलकिले केले, उठून जवळ गेला. प्रमोदही उठला. दोघं लहानपणी वाचायचे तसं एकेक शब्द जोडत वाचायला लागले, "आमची... कुठेही..." आणि तिथे थांबले. उरलेलं त्यांना येत होतं.

"समजलं?" मी म्हटलं. "आता चाला आत. पानं वाढली हायेत. आणि आधी कोणाचं, थे इचारू नका."